गेनूभाऊंचा सागवानी ठोकळा

गेनूभाऊ, परवा तुमच्या दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरकायच्या आतच कावळा आला आणि शिवून गेला. सगळ्यांनी हात जोडले. मावशींनी, म्हणजे तुमच्या मंडळींनी, पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी म्हणालं, "सुटला म्हातारा. काय बी मागं ऱ्हायलं न्हाई त्याचं." मला त्या कावळ्याला दगड भिरकावून मारावासा वाटला. तुमचं काही राहिलं नसेल, माझं राहिलंय. दीड महिना आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. तेवढं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात आणि कावळा असा लगबगीने शिवतो, म्हणजे मी तुमच्या खिजगणतीतही नव्हते का?

मग घाटावर भाषणं झाली. तुम्ही देवमाणूस होतात म्हणे. कधी कुणाला दुखावलं नाहीत म्हणे. मी खाली मान घालून ऐकत होते. तिकोना पेठेतल्या तुमच्या होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये पाय ठेवल्यावर ज्याला शिवी बसली नाही असा एक माणूस त्या घाटावर नव्हता. तुम्ही हट्टी होतात, खडूस होतात, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला पटलं नाही तर ते पुन्हा सांगायचं नाही, ही तुमची सगळ्यांत वाईट सवय होती. एकदा बोलायचं आणि मग तंबाखू मळत बसायचं. समोरच्याने काय ते समजून घ्यावं. आम्हाला नाही समजत, भाऊ. आम्हाला दोनदा सांगावं लागतं.

मी लोणावळ्यात सोनोग्राफीच्या दवाखान्यात अकरा वर्षं नर्स आहे. पोटावर प्रोब टेकला की स्क्रीनवर काय उमटतं, हे डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून मी बघत आले आहे. म्हणूनच बुडालेल्यांना शोधणाऱ्या आपल्या टीमला जेव्हा पाण्याखालचं दाखवणारं मशीन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पवनेच्या धरणात कुणी बुडालं की आपण नोकरीधंदा सोडून धावायचो, दोन-दोन दिवस गळ टाकत फिरायचो, आणि काठावर बसलेल्या घरच्यांकडे बघायची हिंमत व्हायची नाही. हे मशीन आलं की ते सगळं संपणार असं मला वाटलं होतं. मी फार खूश होते. तुम्ही खोक्यातून तो ट्रान्सड्यूसर, म्हणजे मशीनचा प्रोब, काढलात, मुठीत धरून उलटापालटा केलात आणि म्हणालात, "ह्यो डोळा व्हय? मंग ह्यो खाली बगाय पायजे, शिष्टर. आपली बोट तर कौलावानी उतरती हाय."

खरंच होतं ते. आपल्या फायबरच्या बोटीचा तळ मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना छपरासारखा तिरपा चढत जातो. त्या उतारावर डोळा नुसता चिकटवला तर तो सरळ खाली न बघता कडेला बघणार. मी म्हटलं, मागच्या फळीला पट्टी मारून लावा, भोक पाडायची भानगडच नको. तुम्ही म्हणालात, मागे इंजिनाचा पंखा पाणी फेसाळून सोडतो, फेसातून काय दिसणार तुमचं कपाळ? हे मला कळायला हवं होतं. दवाखान्यात आम्ही पोटाला जेल लावतो तो त्याचसाठी, मधे हवा आली की चित्र गेलं. शाळा सातवीत सोडलेल्या माणसाने मला माझाच धडा शिकवला याचा राग आला होता, आणि मजाही वाटली होती.

मग तुम्ही तो ठोकळा केलात. बोट शेडमध्ये लाकडांवर चढवली. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी दोन्ही काठांना धरून, पाणी दोन्हीकडे सारखं येईपर्यंत खालच्या फळ्या ठोकत राहिलात. संतोषला म्हणजे आपल्या बोटीच्या ड्रायव्हरला नळीचं एक टोक धरायला दिलं होतं. तो मोबाइलकडे बघायला लागला तर तुम्ही त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केलात. मग बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तो तळाच्या उताराला लावून, कापून, परत लावून, परत कापून. चार पुठ्ठे फुकट गेले. पाचवा बसला. त्याची वरची कड तळाला घट्ट चिकटली आणि खालची कड जमिनीला समांतर आली. त्या मापाने जुन्या पलंगाच्या खुराचं सागवान तिरपं कापलंत. एकाच ठोकळ्याचे दोन तुकडे. एक बोटीच्या बाहेर खालून, दुसरा उलटा करून आत वरून, म्हणजे बाहेर डोळा सपाट बसेल आणि आत नट सपाट बसेल. मला वाटलं होतं लाकूड फुकट जाणार. त्यातला भुसा सोडला तर तुम्ही काही फुकट घालवलं नाहीत.

भोक पाडायच्या आधी तुम्ही बोटीला हळदकुंकू लावलंत आणि ड्रिल हातात घेऊन उगाचच थोडा वेळ थांबलात. "पन्नास बोटींची भोकं बुजवलीत म्या," म्हणालात. "पाडतोय ह्ये पयलंच." तेव्हा मला तुम्ही फार आवडला होतात. हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की मला तुमची किंमत नव्हती.

स्क्रीन तुम्ही बोटीच्या मधोमध उभ्या पाइपवर लावला होता. दोनच दिवसांत मी तो हलवायला लावला. मधे ऊन पडायचं, काही दिसायचं नाही. बोटीच्या उजव्या काठाला संतोषने छत्री बांधली होती, तिच्या सावलीत स्क्रीन घेतला. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हितं नगं." मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "बोट हाय ती. दवाखाना न्हाई." मला टोमणा वाटला. मी म्हटलं, स्क्रीन मला बघायचाय, भाऊ, तुम्हाला नाही. तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत. झालं, विषय संपला! का संपवलात? एक वाक्य आणखी बोलला असतात तर जीभ झडणार होती का तुमची?

गणपती उठल्यावरच्या आठवड्यात तो मुलगा बुडाला. चाकणला कारखान्यात होता, मित्रांबरोबर आला होता. त्याचे वडील दुपारी पोचले. अंगात कामावरचाच शर्ट होता, खिशाला पेन होतं. आपण बोट काढली. पहिल्याच तासात मला तळाशी काहीतरी लांबट दिसलं. मी ओरडले, "या, बघा, बघा!" सगळे आले. बोटीतले पाचही जण माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. विटेला दोरी बांधून, वर रिकामा डबा बांधून खूण टाकली. डबा तरंगत राहिला, पाणबुडे त्या दोरीने खाली गेले. खाली काही नाही. नुसता गाळ, हाताला हात दिसेना. परत बघितलं. परत दिसलं. परत सगळ्यांना बोलावलं, परत वीट. परत काही नाही. असं पहिला दिवस. असंच दुसरा दिवस. वडील काठावर एका दगडावर बसून होते. मावशींनी घरून भाकरी आणली, त्यांनी ती हातात धरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वाडीतल्या एका आबांच्या गळाला तो लागला. आपल्या डब्यापासून आठ-दहा हातांवर. तिथेच होता तो, दोन दिवस. मी मशीनवर ज्याला बघत होते तो तोच होता.

काठावर मी काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. मी तर विसरणं शक्य नाही. वडील तिथेच उभे होते, पोलीस होते, अर्धं गाव होतं. मी म्हटलं, "तुमचा ठोकळा चुकलाय, गेनूभाऊ. डोळा तिरपा बघतोय. तुमच्या त्या पलंगाच्या खुरापायी या माणसाला दोन दिवस इथं बसावं लागलं." वडिलांनी वळून तुमच्याकडे बघितलं. त्यांना तोवर कुणावर चिडायचं हेच कळत नव्हतं. मी माणूस दाखवून दिला.

तुम्ही म्हणालात, "मोजलाय म्या. तुमी बसता कसं त्ये बगा."

बस, एवढंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोर मेलंय, बाप समोर उभा आहे, आणि हा माणूस आम्ही बसतो कसं हे काढतोय! मी तुम्हाला नको नको ते बोलले. अडाणी म्हटलं. हो, म्हटलं. तुम्ही टोपी काढलीत, झटकलीत, परत घातलीत आणि शेडकडे चालायला लागलात.

आठवड्याने संतोषकडे निरोप आला, बोट पाण्यात घाला, शिष्टरला घेऊन या, दावतो. मी सांगितलं, वेळ नाही. मग तुम्ही दवाखान्यात आलात. त्या दिवशी बाहेर बारा पेशंट होते. शिपाई आत येऊन म्हणाला, तिकोना पेठेहून एक म्हातारे आलेत, तुम्हालाच भेटायचं म्हणतात. मला वाटलं, आले परत ठोकळ्याचं घेऊन. मी म्हटलं, सांग बिझी आहेत. तुम्ही तासभर बाकावर बसलात म्हणे. थंड पाणी मागून प्यायलात. मग गेलात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मावशी सकाळचा चहा घेऊन शेडमध्ये गेल्या तर तुम्ही पालथ्या होडीला टेकून बसला होतात. डॉक्टर म्हणाले, अटॅक. मावशी आता सांगतात की महिनाभर डावा हात दुखतो म्हणत होते, छातीत जळजळ होते म्हणून सोडा पीत होते.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही कशासाठी आला होतात, भाऊ? ठोकळ्यासाठी की छातीसाठी? हे मला आता कोण सांगणार? छातीत दुखत होतं तर शिपायाला तसं सांगायचं होतं! "छातीत दुखतंय" हे दोन शब्द ऐकले असते तर मी बारा पेशंट सोडून धावत बाहेर आले असते, तुम्हाला उचलून ईसीजीच्या टेबलावर निजवलं असतं आणि वर चार शिव्या घातल्या असत्या. आणि ठोकळ्यासाठी आला असलात, तर तासाभराने उठून का गेलात? दार ढकलून आत यायचं. माझ्यावर ओरडायचं. संतोषवर ओरडायचात, कुत्र्यावर ओरडायचात, रेंज गेली की मोबाइलवर ओरडायचात. माझ्या वेळेलाच बरे सभ्य झालात. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तो बाक आहे. मला तुमचा संताप येतो, आणि तो येऊन झाला की माझा येतो.

तर परवा दहाव्याहून परतताना मी संतोषला म्हटलं, उद्या बोट काढ. तुमची आठवण म्हणून नव्हे. खोटं कशाला बोलू? तुम्हाला चूक ठरवायचं होतं मला. ठोकळा चुकलाय हे एकदा पुराव्यानिशी कळलं असतं, तर तुम्हाला बोलले ते निदान खरं तरी बोलले असं झालं असतं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायला निघाले होते मी. तुम्हाला माझी कीव आली असती.

संतोषने शेडमधून तुमची ती पाण्याची नळी आणली. आम्ही दोघंच होतो. लोखंडाची जुनी पाटी दोरीला बांधून पन्नास फुटांवर तळाला सोडली, वर डबा बांधला. संतोष मागे इंजिनाशी, मी मधल्या फळीवर, मान लांब करून स्क्रीन बघत होते. बोट डब्याशेजारून नेली. पाटी बरोबर डब्याखाली दिसली. परत फिरवून नेली. बरोबर डब्याखाली. चार वेळा नेली, भाऊ. सुताचा फरक नव्हता.

संतोष उजव्या काठाकडे बोट करून म्हणाला, "शिष्टर, त्या दिवशी आपण धा पायांनी उभं होतो ओ हितं."

काठावर बघे होतेच. त्यांतले चौघे जण बोटीत घेतले. त्यांना म्हटलं, या, स्क्रीन बघा. आले उजव्या काठाला, माझ्या खांद्यावरून वाकले, संतोषही हँडल सोडून आला, जसे आपण नेहमी येतो. नळी आडवी धरली. एका टोकाचं पाणी वीतभर वर गेलं. आमच्या वजनाने बोट उजवीकडे कलली होती आणि तिच्याबरोबर तुमचा डोळाही कलला होता. पाटी स्क्रीनवर बोटीखालीच दिसत होती. पण डबा लांब, आठ-दहा हातांवर तरंगत होता.

तुमी बसता कसं त्ये बगा. तुम्ही शब्दशः तेच सांगत होतात. मी स्क्रीन काठाला नेला. मी सगळ्यांना बोलवायचे, कारण मला दाखवायला आवडायचं. खरं सांगते, मला फार आवडायचं. दवाखान्यात मी नुसती उभी असते, बोलतात डॉक्टर. बोटीत मी बोट ठेवून सांगायचे, हे बघा, हा दगड, ही बुडालेल्या शेताची जुनी ताल, हा झाडाचा बुंधा, आणि पाच बाप्ये माना डोलवायचे. तेवढ्या हौसेपायी एक पोर दोन दिवस जास्त पाण्यात राहिलं.

आणि हे तुम्हाला स्क्रीन हलवला त्याच दिवशी कळलं होतं. "हितं नगं." मग का नाही भांडलात? त्या काठावर माझा हात धरून, ओढत बोटीत नेऊन, सगळ्यांसमोर माझं तोंड का नाही बंद केलंत? मी तुम्हाला अडाणी म्हटलं आणि तुम्ही टोपी झटकलीत. मोठेपणा असेल तुमचा तो. मला नको होता तुमचा मोठेपणा. मला माझ्या चुकीचं माप तुमच्या तोंडून, तुम्ही जिवंत असताना हवं होतं.

काल मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. टीमच्या वहीत नंबर होता. फोन करायच्या आधी तीन वेळा पाणी प्यायले. त्यांनी ओळखलं. मी एका दमात सांगून टाकलं की ठोकळा बरोबर होता, आम्ही बोट एका अंगाला कलवली, स्क्रीन मी हलवला होता, चूक माझी. त्या भाऊंची काही चूक नव्हती, आणि ते आता वारले.

मग ते म्हणाले, "ते आले होते माझ्याकडे."

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं.

"चाकणला, घरी. तेराव्यानंतर. दोन एसट्या बदलून आले होते. म्हणाले, ठोकळा म्या बनवला, चूक माजी हाय. माप चुकलं माजं. त्या शिष्टरला काय बोलू नका, दोन दिस तिनं पान्याशिवाय काय घेतलं न्हाई. मला लय राग आला, ताई. मी त्यांची कॉलर धरली. धक्का दिला. पायरीवरून खाली बसले ते. उठून टोपी झटकली, नमस्कार केला आणि गेले." मग त्यांनी विचारलं, "चूक त्यांची नव्हती, तर मग त्यांनी असं का सांगितलं?"

मी म्हटलं, माणूसच तसा होता.

"मी हात टाकला त्यांच्यावर," ते म्हणाले. "आता मी काय करू?"

गेनूभाऊ, तुम्ही, अर्धा सूत इकडेतिकडे झालं तर चार पुठ्ठे फेकून देणारा माणूस, दोन एसट्या बदलून परक्याच्या दारात गेलात आणि आपलं बरोबर माप चुकीचं म्हणून सांगून आलात. कुणी सांगितलं होतं? त्या माणसाला चिडायला कुणीतरी हवं होतं हे खरं, आणि मी तुम्हाला पुढे केलंच होतं. तुम्ही तिथेच उभे राहिलात. माझ्यासाठी केलंत म्हणून मी तुमच्या पाया पडू, की मला न विचारता केलंत म्हणून तुमच्याशी भांडू? मी भांडणारच आहे. रविवारी टीमसमोर सगळं सांगणार आहे. मावशींना आजच सांगितलं. त्या नुसतं म्हणाल्या, "त्या दिशी मला म्हनले हुते, लग्नाला जातोय," आणि आत निघून गेल्या.

ते वडील येत्या गुरुवारी तिकोना पेठेला येतो म्हणालेत. त्यांना तुमच्या घरी यायचंय. मी घेऊन येईन, शेजारी बसेन. ते माफी मागतील, मीही मागेन, मावशी चहा ठेवतील. आणि आम्ही तिघंही हार घातलेल्या तुमच्या फोटोकडे बघत बसू, तुमच्यावर चिडून.